सेइशुन १८ तिकीट: जपानमध्ये साध्या गाड्यांनी लांबचा प्रवास कसा आखायचा

जपानमध्ये रेल्वेचं एक तिकीट मिळतं. त्यावर कुठून कुठे ते लिहिलेलं नसतं, गाडीचं नाव नसतं, सीटचा नंबर नसतो. असतात त्या फक्त तारखा. त्या तारखांना मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत जपान रेल्वेच्या, म्हणजे जेआरच्या, साध्या गाड्यांत कुठेही चढा, कुठेही उतरा, पुन्हा चढा. दिवसात दोन गाड्या बदला नाहीतर बारा, पैसे तेवढेच.

याचं नाव सेइशुन जुहाची किप्पू. सेइशुन म्हणजे तारुण्य, जुहाची म्हणजे अठरा आणि किप्पू म्हणजे तिकीट. नावामुळे हे फक्त तरुणांसाठी असेल असं वाटून पुष्कळ जण तिकीट खिडकीपर्यंत जातच नाहीत. वयाची अट अजिबात नाही. सत्तरीतली माणसंही हेच तिकीट घेऊन फिरताना दिसतात. परदेशी प्रवाशांनाही ते घेता येतं. मात्र लहान मुलांसाठी अर्धं तिकीट नाही, सगळ्यांना एकच दर.

१९८२ मध्ये, रेल्वे अजून सरकारी असताना, हे तिकीट ८,००० येनला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याला आजचं नाव मिळालं. १९८७ मध्ये रेल्वेचं खासगीकरण होऊन तिच्या अनेक कंपन्या झाल्या, तरी हे तिकीट टिकलं आणि आजही त्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत चालतं. उत्तरेच्या होक्काइदो बेटापासून दक्षिणेच्या क्युशू बेटापर्यंत एकच कागद.

नवख्या माणसाची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. नेहमीच्या तिकिटासारखं तो आधी ठिकाण ठरवतो आणि मग निघतो. इथे तुम्ही विकत घेता तो दिवस. त्या दिवसात कोणते टप्पे बसतात, कोणत्या क्रमाने बसतात आणि रात्री शेवटची गाडी कुठे सोडते, हे आधी पाहावं लागतं. बाकी नियम तासाभरात कळतात. ही आखणी जमायला थोडा सराव लागतो, म्हणून या लेखातली सगळ्यात जास्त जागा मी तिलाच दिली आहे.

आधी जुनी माहिती बाजूला ठेवा

या तिकिटाबद्दल जे जुनं लिखाण सापडतं त्यात पाच चौकोनांच्या तिकिटाचं वर्णन असतं. त्या वेळी पाच दिवस हंगामात कधीही, सुटे सुटे वापरता येत. किंवा पाच जण मिळून एकाच दिवशी एकच तिकीट वापरत आणि स्टेशनवरचा कर्मचारी प्रत्येकासाठी एक शिक्का मारून देई. फार सोयीचा प्रकार होता तो.

२०२४ च्या हिवाळी हंगामापासून हे बदललं. आता तिकीट दोन प्रकारचं आहे: सलग तीन दिवसांचं १०,००० येनला आणि सलग पाच दिवसांचं १२,०५० येनला. एक तिकीट एकाच माणसासाठी. सुरुवातीची तारीख विकत घेतानाच सांगावी लागते आणि तीच छापून येते. मधला एखादा दिवस एकाच गावात बसून काढलात तरी तो मोजला जातो. बदल्यात एक सोय मिळाली. पूर्वी दर वेळी माणूस असलेल्या खिडकीतून जावं लागे, आता तिकीट स्वयंचलित फाटकात घालता येतं.

म्हणून कुठेही ‘शिक्का’, ‘पाच जणांत वाटून’, ‘उरलेले दिवस नंतर’ असे शब्द दिसले, की ते लिखाण जुनं आहे असं समजून पुढे जा.

हंगाम आणि तारखा

तिकीट वर्षभर चालत नाही. शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्यांना धरून तीन हंगाम असतात: वसंतात साधारण १ मार्च ते १० एप्रिल, उन्हाळ्यात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत आणि हिवाळ्यात साधारण १० डिसेंबर ते १० जानेवारी. नेमक्या तारखा जेआर प्रत्येक हंगामाआधी जाहीर करते. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या बघाव्यात, कारण एका दिवसाचाही फरक चालत नाही.

दिवस सलग असल्यामुळे हंगामाच्या शेवटाकडे उलटं मोजावं लागतं. हंगाम १० एप्रिलला संपत असेल तर पाच दिवसांचं तिकीट उशिरात उशिरा ६ तारखेला सुरू व्हायला हवं आणि तीन दिवसांचं ८ तारखेला. विक्रीही हंगाम संपायच्या काही दिवस आधीच बंद होते. एप्रिलअखेरची मोठी सुट्टी वसंत हंगामात येत नाही. ऑगस्टच्या मध्यातला ओबोनचा सण मात्र उन्हाळी हंगामात येतो आणि त्या आठवड्यात साध्या गाड्यांनाही गर्दी असते.

परवडतं का, ते आधी मोजा

पाच दिवसांच्या तिकिटात एका दिवसाला २,४१० येन पडतात, तीन दिवसांच्या तिकिटात साधारण ३,३३३ येन. जेआरच्या साध्या भाड्याने २,४०० येनांत दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर जाता येतं. म्हणजे पाचही दिवस सरासरी दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त फिरणार असाल तर तिकीट वसूल होतं. तीन दिवसांच्या तिकिटासाठी दिवसाला दोनशेच्या आसपास धरा.

तोक्यो ते ओसाका हे अंतर सुमारे ५५६ किलोमीटर आहे. नुसतं मूळ भाडं ९,००० येनांच्या जवळ जातं. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, गेलात तर १४ हजारांच्या पुढे, पण अडीच तासांत. साध्या गाड्यांना नऊ तास लागतात. तीन दिवसांत तोक्यो, ओसाका, हिरोशिमा करत क्युशू बेटावरच्या हाकाताला पोहोचता येतं. हा सुमारे १,२०० किलोमीटरचा प्रवास १०,००० येनांत होतो. शिंकानसेनला त्याच अंतरासाठी दुपटीहून जास्त पैसे आणि साधारण पाच तास लागतात.

परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनांवर गेला आणि तेव्हापासून या तिकिटाकडे बाहेरच्या लोकांचं लक्ष वाढलं. पण दोन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत. ज्याच्याकडे एकूण आठच दिवस आहेत आणि ज्याला क्योतो, हिरोशिमा, तोक्यो सगळं पाहायचं आहे, त्याने सेइशुन घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. दिवसाचे आठ-नऊ तास गाडीत जातील आणि देवळं बंद झाल्यावर तो गावात पोहोचेल. ज्याला गाडीतला वेळ हाच प्रवास वाटतो, खिडकीतून भातशेती आणि समुद्र बघत बसायला आवडतं, अनोळखी स्टेशनवर चाळीस मिनिटं मिळाली तर आनंद होतो, त्याच्यासाठी हे तिकीट आहे.

कोणत्या गाडीत बसायचं

फलाटावरच्या फलकावर गाडीचा प्रकार जपानी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. चालतात त्या अशा: फुत्सू म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी लोकल, काइसोकु म्हणजे रॅपिड आणि शिन-काइसोकु म्हणजे स्पेशल रॅपिड. ओसाका-क्योतो भागातली शिन-काइसोकु ताशी १३० किलोमीटरपर्यंत धावते आणि तिला जादा पैसे लागत नाहीत. तीत बसल्यावर साध्या गाड्यांबद्दलचा बराच गैरसमज गळून पडतो.

न चालणारी म्हणजे शिंकानसेन आणि तोक्क्यू. तोक्क्यू म्हणजे लिमिटेड एक्स्प्रेस. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जादा आकार भरून तोक्क्यूत बसता येईल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तोक्क्यूत पाय ठेवला की तेवढ्या अंतराचं मूळ भाडंही नव्याने भरावं लागतं आणि त्यावर जादा आकारही. तिथे सेइशुन नसल्यासारखंच आहे.

काही मोजके अपवाद आहेत. होक्काइदोत शिन-युबारी ते शिंतोकु या टप्प्यावर साधी गाडीच नाही, म्हणून तिथे तोक्क्यूत बसू देतात. आओमोरी ते शिन-आओमोरी आणि मियाझाकी ते मियाझाकी विमानतळ या छोट्या टप्प्यांवरही तशी सूट आहे. पण त्या टप्प्याच्या एक स्टेशनही पुढे गेलात तर सूट संपते आणि सगळं भाडं भरावं लागतं.

उलट, काही गाड्या दिसायला पर्यटकांच्या आणि झगझगीत असतात, पण प्रकाराने काइसोकुच असतात. आकिता आणि आओमोरी यांच्यामध्ये गोनो मार्गावरून धावणारी ‘रिझॉर्ट शिराकामी’ ही त्यातली सर्वात सुंदर. तिचे सगळे डबे आरक्षित असतात, पण वेगळं सीटचं आरक्षण घेतलं की सेइशुनवर बसता येतं. तोक्योच्या आसपासच्या साध्या गाड्यांना जोडलेल्या ग्रीन, म्हणजे जास्त आरामाच्या, डब्यांतही वेगळं ग्रीन तिकीट घेऊन बसता येतं. आणि हिरोशिमाजवळ मियाजिमा बेटाकडे जाणारी जेआरची बोटसुद्धा या तिकिटात येते. फक्त बेटावर जाण्याचा १०० येनांचा कर ऑक्टोबर २०२३ पासून वेगळा द्यावा लागतो.

नकाशातल्या तुटलेल्या रेषा

नवी शिंकानसेन सुरू झाली की तिला समांतर असलेला जुना मार्ग बऱ्याचदा जेआर सोडून देते आणि तो स्थानिक कंपनीकडे जातो. रूळ तेच, स्टेशनं तीच, गाड्याही दिसायला तशाच. पण तिकीट चालत नाही. नकाशावर सलग दिसणारी रेषा तुमच्यासाठी मध्येच तुटलेली असते.

तोक्योहून उत्तरेला आओमोरीला जाताना मोरिओकापर्यंत काही अडचण नाही. मोरिओकाच्या पुढचा सरळ रस्ता स्थानिक कंपनीचा आहे. त्यामुळे एकतर ते भाडं वेगळं भरायचं, नाहीतर आकिताच्या बाजूने वळसा घ्यायचा. क्युशूत यात्सुशिरो ते सेंदाई हा समुद्रकाठचा टप्पा २००४ पासून जेआरचा नाही. कारुइझावाच्या आधी योकोकावापाशी तर १९९७ मध्ये रूळच संपले. तिथून घाटावर बस जाते आणि तिला सेइशुन चालत नाही.

काही ठिकाणी ‘नुसतं पार व्हा’ अशी सवलत आहे. हाचिनोहे ते आओमोरी या स्थानिक कंपनीच्या टप्प्यावरून सेइशुन घेऊन जाता येतं, पण मध्ये फक्त नोहेजीला उतरता येतं. दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर उतरलात तर त्या टप्प्याचं भाडं द्यावं लागतं. होन्शू हे मुख्य बेट आणि होक्काइदो यांच्यामध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून प्रवाशांसाठी फक्त शिंकानसेन जाते. त्यासाठी सेइशुनला जोडून घ्यायचं वेगळं ऑप्शन तिकीट मिळतं.

उत्तरेकडेच फिरायचं असेल तर ‘होक्काइदो आणि पूर्व जपान पास’ आधी बघा. तो सलग सात दिवस चालतो आणि मोरिओका ते आओमोरी हा स्थानिक कंपन्यांचा पूर्ण मार्ग त्यात येतो. नुसत्या उत्तरेच्या प्रवासाला तोच जास्त शहाणपणाचा आहे.

दिवस मागून पुढे आखा

पहिल्या खेपेला मी तोक्योहून आरामात निघालो, अतामीत समुद्र बघत दुपार काढली, शिझुओकात पुन्हा उतरलो. प्रत्येक ठिकाणी पुढची गाडी दहा-पंधरा मिनिटांत मिळत होती, त्यामुळे काळजी वाटली नाही. रात्री ओगाकीला पोहोचलो तेव्हा ओसाकापर्यंत नेणारी शेवटची जोडगाडी निघून गेली होती. ओसाकातल्या खोलीचे पैसे गेले आणि ओगाकीत दुसरी खोली शोधावी लागली. तेव्हापासून मी दिवस नेहमी रात्रीकडून सकाळकडे आखतो.

तोक्यो-ओसाकाचंच उदाहरण घेऊ. रात्री नऊला ओसाकात असायचं आहे. आता मागे या. वेळा ढोबळ आहेत, तुमच्या तारखेचं वेळापत्रक स्वतः पाहा.

माइबाराहून ओसाकाला शिन-काइसोकुने दीड तासाच्या आत पोहोचता येतं, म्हणजे माइबारा साडेसातला सोडायला हवं. ओगाकी ते माइबारा पस्तीस मिनिटं, म्हणजे ओगाकी पावणेसातला. तोयोहाशी ते ओगाकी, नागोयावरून, दीड तास, म्हणजे तोयोहाशी पाच-सव्वापाचला. हामामात्सु ते तोयोहाशी पस्तीस मिनिटं, म्हणजे हामामात्सु साडेचारला. अतामी ते हामामात्सु, मध्ये गाडी बदलून, पावणेतीन तास, म्हणजे अतामी पावणेदोनला. आणि तोक्यो ते अतामी दोन तास, म्हणजे तोक्यो उशिरात उशिरा पावणेबाराला.

आता चित्र स्पष्ट झालं. सकाळी सातला निघालात तर पावणेपाच तास हातात उरतात. ते कुठे खर्च करायचे, हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं: जिथून पुढच्या गाड्या भरपूर आहेत तिथे थांबा, जिथून पुढे गाड्या विरळ आहेत तिथे थांबू नका. ओगाकी-माइबारा हा या मार्गावरचा अरुंद गळा आहे. दोन्ही बाजूंच्या मोठ्या शहरांच्या गाड्या इथे संपतात आणि मधल्या टप्प्यावर गाड्या कमी, डबेही कमी. सुट्टीच्या दिवसांत गाडी थांबताच लोक समोरच्या फलाटाकडे धावतात ते याच कारणाने. उरलेले तास त्याच्या आधी उधळून टाकण्यापेक्षा हा गळा उजेडात पार करा आणि मग ओमी-हाचिमानला किंवा क्योतोत निवांत उतरा. तिथून पुढे उशिरापर्यंत गाड्या आहेत.

आखणीत आणखी दोन गोष्टी मी कधी सोडत नाही. पहिली, शेवटच्या गाडीवर कधीही योजना उभी करायची नाही. शेवटच्या गाडीच्या आधीच्या दोन गाड्या धरून चालायचं. एक चुकली तर दुसरी आहे, दुसरीही चुकली तर शेवटची आहे. दुसरी, गाडी बदलायला चार मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर ती जोडी मी मोजतच नाही. साधारणपणे जपानी गाड्या वेळेवर असतात आणि चार मिनिटं पुरतात, पण बॅग घेऊन जिना चढायचा असेल तर दमछाक होते. स्वच्छतागृह शोधायचं असेल तर ती मुळीच पुरत नाहीत.

डोंगरातल्या मार्गांवर तर एकच टप्पा सगळा दिवस ठरवतो. फुकुशिमातला तादामी मार्ग २०११ च्या पावसात वाहून गेला होता. १ ऑक्टोबर २०२२ ला तो पुन्हा पूर्ण जोडला गेला. आइझु-वाकामात्सु ते कोइदे हे १३५ किलोमीटर आहेत. पूर्ण मार्ग पार करणाऱ्या गाड्या दिवसाला जेमतेम तीन. इथे आधी ती एक गाडी पकडायची, मग तिच्या आधी आणि नंतर जे बसेल ते बसवायचं. ती चुकली तर दिवस गेला. तोयोहाशीहून निघणारा इइदा मार्गही तसाच: १९६ किलोमीटर, ९४ स्टेशनं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सात तासांच्या आसपास. त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका.

वेळा शोधायला मार्ग शोधणारी जपानी अॅप वापरा आणि शोधताना शिंकानसेन, तोक्क्यू, विमान आणि महामार्गावरची बस हे पर्याय बंद करा. काही जपानी अॅपमध्ये सेइशुन तिकिटासाठी वेगळा शोधच असतो, तो सर्वात सोपा. तारीख आणि वार नक्की टाका, कारण शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. मिळालेल्या वेळा कागदावर लिहून घ्या: प्रत्येक टप्प्याच्या शेजारी पुढची गाडी आणि शेवटची गाडी. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो.

विकत घेताना

तिकीट जपानमध्येच, जेआरच्या मोठ्या स्टेशनांवरच्या हिरव्या फलकाच्या तिकीट खिडकीवर मिळतं. तिला मिदोरी नो मादोगुची म्हणतात. आरक्षणाच्या यंत्रांवरही ते मिळतं. खिडक्या अलीकडे कमी झाल्या आहेत आणि हंगामात रांगा लांब असतात. म्हणून निघायच्या सकाळी नाही, आदल्या दिवशी घ्या. सहा वाजताची गाडी पकडायची आणि खिडकी अजून उघडलेली नाही, असं व्हायला नको.

यंत्रातून निघालेल्या कागदांत खरं तिकीट कोणतं आणि पावती कोणती ते तिथेच बघून घ्या. तारीखही तिथेच तपासा. तिकीट हरवलं तर दुसरं मिळत नाही. मी ते पारपत्राच्या कव्हरात ठेवतो, कारण खिशातून मोबाइल काढताना पातळ कागद सहज पडतो.

फाटकातून आत जाताना तिकीटच घाला. सवयीने सुइकासारखं कार्ड टेकवलंत तर त्या कार्डातून पैसे कापले जातील आणि ते दुरुस्त करायला खिडकीवर समजावत बसावं लागेल. कार्ड दुसऱ्या खिशात ठेवा.

गाडीत आणि फलाटावर

गावाकडच्या गाड्यांचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत. दाराशेजारी बटण असतं, ते दाबायचं. हिवाळ्यात चढल्यावर आतलं बटण दाबून दार बंदही करायचं. थंडीत बसलेली माणसं त्यासाठी मनापासून आभारी असतात.

‘वानमान’ लिहिलेल्या गाडीत चालक एकटाच असतो, गार्ड नसतो. अशा गाडीत बऱ्याचदा मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं असतं. चढताना यंत्रातून निघणारी छोटी चिठ्ठी तुम्हाला नको. माणूस नसलेल्या स्टेशनवर उतरताना चालकाला सेइशुन दाखवा, तेवढं पुरतं.

काही गाड्या वाटेत तुटतात. पुढचे डबे एकीकडे जातात, मागचे तिथेच राहतात. फलाटावरचा फलक आणि डब्यावरची पाटी दोन्ही बघूनच बसा. शंका आली तर जायच्या गावाचं नाव घेऊन विचारा, लोक हाताला धरून योग्य डब्यापर्यंत सोडतात.

शहरांच्या सकाळच्या गर्दीत, साडेसात ते नऊ, तोक्यो, नागोया किंवा ओसाकात मोठी बॅग घेऊन शिरू नका. त्याच्या आधी शहराबाहेर पडा नाहीतर नंतर. बॅग एकच असावी, आणि ती तुमची तुम्हाला जिन्यावरून उचलता आली पाहिजे. दिवसात सात-आठ वेळा ती उचलावी लागते.

सलग लांब बाकांच्या डब्यांत जेवायला बसणं अवघड जातं. डबा खायचा असेल तर समोरासमोर सीट असलेल्या गाडीची वाट पाहा. शाकाहारी माणसाने उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, किंवा कोंबू या समुद्री शेवाळाचा ओनिगिरी सोबत ठेवावा. भाताचे हे गोळे कुठल्याही छोट्या दुकानात मिळतात. कोंबूत कधी माशाचा अर्क असतो, तेव्हा वेष्टन वाचून घ्या.

गाडी रद्द झाली तर

उन्हाळी हंगामात वादळं आणि मुसळधार पाऊस, हिवाळ्यात बर्फ. अशा वेळी साध्या गाड्या थांबतात. गाडी उशिरा आली किंवा रद्द झाली म्हणून या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि दिवसही वाढवून मिळत नाही. नियम कडक आहे, तो आधीच मान्य करून निघा आणि प्रत्येक दिवसासाठी एक पळवाट तयार ठेवा: कोणत्या स्टेशनवरून शिंकानसेन पकडता येईल आणि तेवढ्या टप्प्याला किती पैसे पडतील. तोक्यो-ओसाका-हिरोशिमा मार्गावर अशी स्टेशनं भरपूर आहेत. जपान समुद्राच्या बाजूला फार कमी, म्हणून तिकडे मुक्कामाच्या जागा रद्द करता येतील अशाच घ्या.

तिकिटाचा शेवटचा दिवस रात्री बाराला संपतो. गाडी बाराच्या पुढे चालू असेल तर बारानंतरच्या पहिल्या थांब्यापर्यंतच तिकीट चालतं. तोक्यो आणि ओसाकाच्या शहरी पट्ट्यात मात्र शेवटच्या गाडीपर्यंत सूट आहे.

कोणत्या खिडकीला बसायचं

तोक्योहून पश्चिमेला जाताना ओदावाराच्या पुढे अतामीपर्यंत समुद्र डावीकडे दिसतो. अतामीच्या पुढे फुजी पर्वत उजवीकडे, आणि तो सकाळी लवकर दिसण्याची शक्यता जास्त असते, दुपारी ढग चढतात. हिरोशिमाच्या पुढे मियाजिमाचं पाणीही डावीकडेच. शिकोकू बेटावर मात्सुयामाजवळचं शिमोनादा हे छोटं स्टेशन या तिकिटाच्या पोस्टरवर झळकलं होतं. फलाटापलीकडे सरळ समुद्र आहे. तिथे गाड्या कमी थांबतात, तेव्हा उतरण्याआधी परतीची वेळ लिहून घ्या.

गोनो मार्गावर आकिताकडून आओमोरीकडे जाताना समुद्र डावीकडे असतो आणि काही ठिकाणी रूळ खडकांना लागूनच जातात. हिवाळी हंगामात हा टप्पा करणार असाल तर चारच्या आत समुद्राचा भाग संपेल अशीच गाडी निवडा. त्यानंतर खिडकीत फक्त तुमचाच चेहरा दिसतो.